आधी सावली शोधा, मग गिऱ्हाईक

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी भांडुपला राहतो, वय २७. काही वर्षांपासून गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. पुढच्या काचेला पडलेले लहान टवके भरून देणे आणि पिवळे पडलेले हेडलाइट साफ करून देणे, असा गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन करायचा धंदा सुरू करण्याचा विचार आहे. जवळ दीड लाख रुपये आहेत. मित्र म्हणतो, जुनी व्हॅन घे आणि तिच्यावर बोर्ड रंगव. दुकानातले जुने कारागीर म्हणतात, मुंबईच्या उन्हात आणि पावसात हे काम टिकत नाही, काच पुन्हा तडकते आणि हेडलाइट पुन्हा पिवळे होतात. ऑनलाइन काही संच स्वस्तात मिळतात. ते घ्यावेत का? नोकरी केव्हा सोडावी?"

स. न.

तुमच्या दुकानातल्या जुन्या कारागिरांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि तुमचा धंदा चालायचा असेल तर ते निम्मे तुम्हाला आधी नीट समजून घ्यावे लागेल. ऊन आणि पाऊस या कामाचे नुकसान करतात हे खरे. परंतु ते नुकसान होते ते काम चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी केल्यामुळे. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी मी तुम्हाला एक वेगळाच प्रश्न विचारतो: भर एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता आणि जुलैच्या संततधारेत एखादी गाडी सावलीत व कोरड्यात उभी करता येईल अशा किती जागा तुम्हाला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत ठाऊक आहेत? या धंद्याचे खरे भांडवल त्या जागा आहेत. व्हॅन नव्हे.

असे का, ते काचेपासून सांगतो. तुम्ही काचा बसवता, त्यामुळे पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो, हे तुम्हाला माहीत आहेच; बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात, त्यांचा एका फटक्यात चुरा होतो आणि त्यांच्यावर भरण्यासारखे काही उरत नाही. टवका भरायचा म्हणजे बाहेरच्या काचेत पडलेल्या पोकळीतली हवा इंजेक्टरने ओढून घ्यायची, तिच्या जागी पातळ रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा पारदर्शक द्रव, दाबाने घालायचे आणि मग अतिनील दिव्याखाली ते घट्ट करायचे. त्या रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेतून जातो तसाच जातो, म्हणून डाग पुसट होतो. आता हीच क्रिया उन्हात तापलेल्या काचेवर करून पाहा. रेझिन प्रमाणाबाहेर पातळ होते आणि पोकळीत टिकून राहण्याऐवजी कडेने गळते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे ते पोकळी भरण्याआधीच घट्ट होऊ लागते आणि आत हवेचा बुडबुडा कायमचा अडकतो. आणि काच आधीच ताणाखाली असल्यामुळे इंजेक्टरचा स्क्रू जरा जास्त फिरला की टवक्यातून तडा धावतो. कारागीर म्हणतात ती "पुन्हा तडकलेली" काच बहुतेक वेळा अशी तडकलेली असते, आणि दोष रेझिनवर जातो.

यावर उपाय महाग नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ बाळगा आणि काच हाताला सोसवेल इतकी, शक्यतो तीस अंशांच्या आसपास येईपर्यंत संच उघडू नका. गाडी सावलीत आणायची, चारही दरवाजे उघडून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची आणि थांबायचे. घाई झालेले गिऱ्हाईक एसी पूर्ण वेगाने काचेवर सोडायला किंवा बाटलीतले गार पाणी ओतायला सुचवेल. दोन्हीला ठाम नकार द्या, कारण तापलेल्या काचेचा एक भाग अचानक थंड झाला की तुम्ही हात लावण्याआधीच तडा लांबतो आणि त्याचे खापर तुमच्यावर फुटते. रेझिनच्या बाटल्या स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत ठेवू नका. ती जागा उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तापते, आणि महिन्याभरात चांगले रेझिन निकामी होते. जेवणाच्या डब्यासाठी मिळते तसली इन्सुलेटेड पिशवी पुरेशी आहे.

पावसाळ्यातला प्रश्न वेगळा आहे. टवक्यात पाणी शिरले असेल तर वरून रेझिन घालून उपयोग नाही. ओल आत कोंडते आणि काही दिवसांत तिथे पांढरट ढग दिसू लागतो. पोकळी मंद उष्णतेने कोरडी करावी लागते, आणि मग काच पुन्हा थंड होईपर्यंत थांबावे लागते. हे काम उघड्या रस्त्यावर छत्री धरून होत नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला, अगदी फोनवर चौकशी करणाऱ्यालासुद्धा, पहिली सूचना हीच द्या की टवका उडाल्याबरोबर काच पुसून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी आणि मी येईपर्यंत ती काढू नये. फुकट दिलेली ही सूचना तुमचे काम निम्म्याने सोपे करते, आणि ज्याला तुम्ही ती दिली तो बहुधा तुम्हालाच बोलावतो.

आता जागांकडे येऊ. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, पवई या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या टॉवरांना पोडियम किंवा तळघरातले पार्किंग आहे. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, काच आपसूक थंड असते आणि शे-दोनशे गाड्या रात्रभर एकाच छताखाली उभ्या असतात. तुमच्या धंद्यासाठी याहून चांगले वर्कशॉप तुम्ही भाड्याने घेऊ शकणार नाही. त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना रीतसर पत्र द्या: महिन्यातून अमुक एका रविवारी सकाळी येईन, पाणी सांडणार नाही, आवाज करणारे यंत्र अमुक वेळेनंतर चालवणार नाही, कचरा सोबत घेऊन जाईन, आणि आत काम करणाऱ्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. वॉचमनच्या हातावर काही ठेवून आत शिरण्याचा मार्ग सोपा दिसतो. तो पहिल्या तक्रारीला बंद होतो. रस्त्याच्या कडेला गाड्या दुरुस्त करू नका. वाहतूक पोलीस आणि महापालिका दोघांचाही त्याला आक्षेप असतो, आणि तिथे तुम्हाला सावलीही मिळत नाही.

रविवार सांगितला खरा, पण तुमचा चांगला दिवस सोमवारची संध्याकाळ ठरू शकेल. शनिवार-रविवारी लोणावळा, नाशिक किंवा कोकणात जाऊन आलेल्या गाड्यांवरच टवके असतात, कारण ते उडतात एक्सप्रेसवेवर आणि रुंदीकरण चाललेल्या महामार्गांवर, खडी भरलेल्या उघड्या डंपरच्या मागे. तीन-चार दिवस गेले की माणूस तो टवका विसरतो आणि पुन्हा आठवतो तो थेट तडा काचभर पसरल्यावर.

यानंतर जे सांगतो ते तुमच्या उत्पन्नावर घाला घालणारे वाटेल. तरी ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आलेल्यांपैकी बरीच कामे तुम्हाला नाकारावी लागतील. काचेच्या कडेजवळचा टवका भरू नका, कारण तिथे काच सर्वाधिक ताणात असते. आतल्या काचेपर्यंत पोहोचलेली इजा, महिनोन्महिने धूळ आणि साबण बसलेला टवका, लांब धावलेला तडा, हेही नाही. चालकाच्या थेट नजरेसमोरची जागा सर्वांत नाजूक, कारण उत्तम भरलेल्या टवक्याचीही बारीक खूण राहते आणि रात्री समोरच्या दिव्यांत ती चमकते. ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीत स्टिअरिंगच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा चालत नाही आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत चालते. तो नियम आपल्याकडचा नसला तरी हाताशी मोजपट्टी असावी म्हणून तुम्ही स्वतःपुरता तो पाळायला हरकत नाही. मी तर त्याहून कडक राहीन आणि चालकासमोर तांदळाच्या दाण्याएवढ्याच टवक्याला हात लावीन. एक्सयूव्ही ७०० किंवा नव्या व्हर्नासारख्या ज्या गाड्यांच्या काचेमागे चालकाला साहाय्य करणारा कॅमेरा असतो, त्या कॅमेऱ्याच्या नजरेतली काच तर सोडूनच द्या. तिथली खूण माणसाला दिसली नाही तरी यंत्राला दिसू शकते.

नाकारलेले काम वाया जाऊ नये याची सोय तुमच्या सध्याच्या मालकांकडेच आहे. काच बदलण्यात दुकानाला मिळते तेवढे टवका भरण्यात मिळत नाही, म्हणून ते टवक्याकडे लक्ष देत नाहीत. त्यांच्यासमोर प्रस्ताव ठेवा की बदलण्याजोगी प्रत्येक काच मी तुमच्याकडे पाठवीन आणि भरण्याजोगा टवका तुम्ही माझ्याकडे पाठवा. भांडून बाहेर पडलात तर हा रस्ता बंद होईल. शिवाय दुकानात रोज निघणाऱ्या टाकाऊ पुढच्या काचा तुमची शाळा आहेत. त्यांच्यावर सरावाचे टवके पाडा, सावलीत भरा, उन्हात भरा, ओले करून भरा, आणि काय बिघडते ते डोळ्यांनी पाहा. हजारो रुपये घेऊन दोन दिवसांत "प्रमाणपत्र" देणाऱ्या प्रशिक्षणापेक्षा यातून तुम्ही जास्त शिकाल.

टवक्याचा दर ठरवताना विम्याचा हिशेब डोक्यात ठेवा. खासगी मोटारीच्या विम्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्याच्या वेळी १००० रुपये आणि त्यावरील गाडीला २००० रुपये मालकालाच भरावे लागतात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सहसा जातो, जो एका वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. काचेवर विमा कंपनी घसारा लावत नाही, म्हणजे ती जुनी झाली म्हणून भरपाई कापत नाही, म्हणून संपूर्ण काच बदलताना दावा करणे योग्य ठरते. पण एका टवक्यासाठी बोनस घालवणे शहाणपणाचे नाही, आणि तुमचा दर त्या हजार रुपयांच्या बराच आत राहिला तर गिऱ्हाइकाला ते समजावून सांगावेही लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी एका कागदावर सही घ्या: खूण पूर्ण जाणार नाही, आणि भरताना तडा धावण्याची शक्यता असते. तडा धावला तर पैसे घेऊ नका. ही दोन वाक्ये आधी बोलली गेली असली तर नंतरची अनेक भांडणे टळतात.

हेडलाइटचे काम याच्या उलट आहे: ते जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीवर असते, नकार क्वचितच द्यावा लागतो, आणि पहिल्या वर्षी तुमचे घर बहुधा त्याच्यावरच चालेल. हल्लीच्या हेडलाइटचे आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असते आणि त्यावर कारखान्यात अतिनील किरणे अडवणारा कठीण थर दिलेला असतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा तो थर काही वर्षांत संपतो, मग खालचे प्लास्टिक पिवळे आणि दुधी होते. ते घासून पारदर्शक करणे कठीण नाही. बाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावा, पाणी वापरत ६०० किंवा ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून २००० आणि ३००० पर्यंत चढत जा, प्रत्येक टप्प्याला घासण्याची दिशा बदला आणि शेवटी कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पॉलिशने, चकाकी आणा. पहिल्याच टप्प्यात घाई करणाऱ्याचे ओरखडे शेवटच्या टप्प्यात दिसतात.

पण इथे थांबणारे कारागीरच "पुन्हा पिवळे होतात" हा लौकिक निर्माण करतात. जुना संरक्षक थर तुम्ही घासून काढला आहे. त्या जागी नवा दिला नाही तर मुंबईच्या उन्हात काही महिन्यांत दिवा पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागतो. मेण किंवा नुसते पॉलिश हा संरक्षक थर नव्हे. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारे, पॉलिकार्बोनेटसाठीच बनवलेले कोटिंग वापरा. टवक्याच्या कामात ज्या उन्हापासून तुम्ही रेझिन लपवता, तेच ऊन हे कोटिंग सुकवायला उपयोगी पडते. मात्र ते लावताना दिवा गार आणि कोरडा हवा, नाहीतर ब्रशचे पट्टे तसेच राहतात. दिवा पुसायला पेट्रोलपंपावरचा कपडा किंवा थिनर वापरू नका, कारण थिनरने पॉलिकार्बोनेटमध्ये बारीक भेगांचे जाळे पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. दिव्याच्या आत पाणी साचले असेल किंवा पिवळेपणा आतल्या बाजूने असेल तर ते बाहेरून घासून जाणार नाही, हे आधीच सांगा.

तुम्ही ज्या स्वस्त संचांबद्दल विचारले आहे, त्यांपैकी एका प्रकाराबद्दल मी स्पष्ट शब्दांत "नाही" म्हणतो. व्हिडिओत चहाच्या किटलीसारख्या भांड्यातून वाफ सोडून पिवळा दिवा क्षणात आरशासारखा केलेला दाखवतात. त्या द्रवात बहुधा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असते. वाफ प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवते, म्हणून तो गुळगुळीत दिसतो. अतिनील संरक्षण त्यातून मिळत नाहीच, उलट प्लास्टिक पुढे भेगाळण्याचा संभव राहतो. डायक्लोरोमिथेन हे माणसासाठी बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वर्गीकरण केले आहे, आणि ते सुमारे ४० अंशांना उकळते. म्हणजे मार्चमध्ये पूर्वेकडचे गरम वारे सुटतात त्या दिवसांत तुमच्या डिकीतली बाटली उकळण्याच्या बेतात असेल, आणि बंद तळघरात ती वाफ तुम्ही आणि वॉचमन दोघेही ओढाल. दोन घटक मिसळून फवारायच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे पारदर्शक रंगात, आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडू शकतो, म्हणून तेही बूथ आणि योग्य मास्क नसताना वापरण्याची गोष्ट नव्हे.

हेडलाइटचे गिऱ्हाईक सोसायटीत मिळेलच, पण टॅक्सी आणि ॲपवर चालणाऱ्या कॅबकडे दुर्लक्ष करू नका. प्रवासी वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. पासिंगला जाण्यापूर्वी चालक गाडी नीटनेटकी करतोच, आणि त्याच्या दृष्टीने दिव्यांचा नवा जोड विकत घेण्यापेक्षा तुम्ही कितीतरी स्वस्त असता. मात्र तो दिवसा थांबू शकत नाही. गाडी उभी राहिलेला प्रत्येक तास त्याच्या कमाईतून जातो. त्यामुळे ज्या मैदानात किंवा गल्लीत या गाड्या रात्री लागतात, तिथे पहाटेच्या पाळीआधी पोहोचा. तो घासाघीस करील. करू द्या, आणि एकाच वस्तीतल्या पाच गाड्या एकत्र आणल्या तर कमी दर द्या.

दीड लाखांत व्हॅन बसत नाही आणि बसली तरी घेऊ नका. ती अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात घालवेल. तुमचे सगळे सामान स्कूटरवर मावते: धातूचा ब्रिज, म्हणजे इंजेक्टर काचेवर धरून ठेवणारी चौकट, आणि इंजेक्टर (प्लास्टिकचा एकदा वापरून फेकायचा संच सरावालाही नको), दोन दाटपणाचे रेझिन, बॅटरीवरचा अतिनील दिवा, काचेच्या आतून पाहायला छोटा आरसा, कॉर्डलेस पॉलिशर आणि जास्तीची बॅटरी, वॉटर पेपर, कोटिंग, मास्क आणि डोळ्यांना चष्मा. चांगल्या प्रतीचे घेऊनही यात तुमची निम्मी रक्कम शिल्लक राहावी. ती पहिल्या पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा. त्यातच मेअखेरीस वायपरच्या रबरांचा थोडा साठा करा. काच पाहणारा माणूस "हे रबर झिजले आहे" असे सांगतो तेव्हा गिऱ्हाईक सहसा वाद घालत नाही.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसे असलेल्या व्यवसायाला महाराष्ट्रात पूर्वीसारखा गुमास्ता परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कर्जाची गरज पडलीच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळते. पण मी सध्या तेही घेणार नाही.

नोकरी लगेच सोडू नका. तुम्ही पत्र मेमध्ये लिहिले आहे आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल, म्हणजे धंद्याची सुरुवात तुम्ही वर्षातल्या सर्वांत अवघड काळात कराल. पावसाळाभर दुकानात राहा, टाकाऊ काचांवर हात बसवा, रविवारी एका-दोन सोसायट्यांच्या तळघरात हेडलाइटची कामे करा आणि प्रत्येक दिव्याचा फोटो तारखेसह ठेवा, म्हणजे दिवाळीपर्यंत तुमचे कोटिंग किती टिकते हे तुम्हालाच दिसेल. त्या फोटोंमध्ये दिवे पुन्हा धूसर झालेले आढळले तर कोटिंग बदला आणि नोकरीतला मुक्काम वाढवा. दिवे स्वच्छ राहिले आणि किमान चार सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे लेखी होकार हाती आले, तर ऑक्टोबरअखेरीस मालकांना महिन्याभराची आगाऊ सूचना द्या.